अंकल मुळात मामाच होता

भाऊबीज जवळ आली की एक ठरावीक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. आपल्याकडे काका, मामा, आतोबा, साडू, व्याही, दीर, मेहुणा, आणि साहेबाकडे या सगळ्यांना मिळून जेमतेम दोन-तीन शब्द. त्यातही अंकल म्हटलं की निम्मं गणगोत आटोपलं. मजकुराचा शेवटही ठरलेला असतो: ज्यांना नात्यांची किंमतच नाही, त्यांना शब्द हवेत कशाला! खाली टाळ्या आणि जोडलेले हात. हाच युक्तिवाद पुढे व्याख्यानमालेत आणि रविवारच्या पुरवणीतही भेटतो, फक्त जरा इस्त्री केलेला.

यातली माहिती अर्धवट आहे आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष तर साफ चुकीचा आहे. नात्यांचे शब्द माया मोजत नाहीत. कोणाच्या जमिनीवर कोणाचा हक्क, कोणाशी लग्न चालतं आणि कोणाशी नाही, खून झाला तर भरपाई कोणी भरायची, असल्या रोकड्या व्यवहारासाठी ते लागतात. व्यवहार बदलला की शब्द गळतात, किंवा त्यांचा अर्थ सरकतो. इंग्रजीच्या इतिहासात हे अगदी उघड्यावर दिसतं. म्हणून आपल्या अभिमानाची तपासणी तिथूनच सुरू केलेली बरी.

हजार वर्षांपूर्वीचे इंग्रज बापाच्या भावाला ‘फॅदेरा’ म्हणत आणि आईच्या भावाला ‘एआम’. आत्या म्हणजे ‘फाथू’ आणि मावशी म्हणजे ‘मोद्रिये’. सासरा ‘स्वेओर’, सासू ‘स्वेयेर’, सून ‘स्नोरू’, दीर ‘टाकोर’, जावई ‘आथुम’. म्हणजे काका वेगळा, मामा वेगळा, दिराला स्वतःचं नाव, सुनेला स्वतःचं नाव. आणि गंमत अशी की यातले काही शब्द आपलेच सख्खे आहेत. संस्कृत ‘स्नुषा’ प्राकृतातून झिजत ‘सून’ झाली. ‘स्नोरू’ ही तिचीच बहीण. ‘देवर’चा आपण ‘दीर’ केला, तर पश्चिमेकडे त्याच मुळातून ‘टाकोर’ निघाला. ‘श्वशुर’ आणि ‘स्वेओर’ तर मोठ्याने उच्चारून पाहा. साहेबाच्या घरात हे सगळे शब्द नांदत होते, आणि पुढे त्याने ते वापरायचे सोडले. तेव्हा प्रश्न ‘त्यांच्याकडे का नाहीत’ असा नाही, ‘त्यांनी ते का सोडले’ असा आहे.

ते असताना त्यांचं काम काय होतं ते आधी बघू. या जुन्या इंग्रजांच्या, म्हणजे अँग्लो-सॅक्सनांच्या कायद्यात प्रत्येक माणसाच्या जिवाची किंमत ठरलेली असे. तिला ‘वेअरगिल्ड’ म्हणत. माणूस मारला गेला की मारणाऱ्याच्या नातेवाइकांनी मेलेल्याच्या नातेवाइकांना ती रक्कम द्यायची, नाही तर सूड ओढवून घ्यायचा. या रकमेत बापाकडच्यांचा वाटा दोन तृतीयांश आणि आईकडच्यांचा एक तृतीयांश. घेताना तसा, देताना तसा. आता अशा समाजात ‘अंकल’ म्हणून कसं चालेल? तो ‘फॅदेरा’ की ‘एआम’, हे ठरल्याशिवाय पैशांचा हिशेबच लागायचा नाही. टॅसिटस हा रोमन इतिहासकार पहिल्या शतकाच्या शेवटी जर्मन टोळ्यांबद्दल लिहितो की बहिणीच्या मुलाला त्याच्या मामाकडे बापाइतकाच मान असतो. हे वाचून आपल्याला मामाचा गाव आठवतो. पण टॅसिटसच्या त्या मजकुरात पुढे काय येतं? ओलीस मागायचा झाला तर काही जण मुद्दाम बहिणीचा मुलगाच मागतात, कारण त्याने घराणं जास्त पक्कं बांधलं जातं. मामा-भाच्याचं प्रेम होतंच, आणि ते तारणही ठेवता येत होतं.

मग दोन गोष्टी घडल्या. राजाचं न्यायालय बळकट होत गेलं, खून हा दोन घराण्यांचा मामला न राहता राजाविरुद्धचा गुन्हा झाला, आणि रक्ताची किंमत नातेवाइकांत वाटायची पद्धत मागे पडली. दुसरीकडे १०६६ साली फ्रान्सकडून नॉर्मन जिंकत आले आणि दरबाराची, कोर्टाची, वारसापत्रांची भाषा फ्रेंच झाली. चूल, झोपणं आणि जन्म देणं यांच्याशी जखडलेले शब्द जागचे हलले नाहीत. फादर, मदर, ब्रदर, सिस्टर, सन, डॉटर हे सगळे जुने इंग्रजीच. पण त्या वर्तुळाच्या एक पाऊल बाहेर पडलं की सगळं फ्रेंच: अंकल, आंट, कझिन, नेफ्यू, नीस. ‘एआम’ उत्तरेकडच्या बोलींत आणि स्कॉटलंडात बराच काळ रेंगाळला. आज तो ईम्स या आडनावात उरला आहे.

आणि आलेले पाहुणे तरी कोण होते? ‘अंकल’ आला लॅटिन ‘अवुंकुलुस’वरून. त्याचा अर्थ शब्दशः ‘छोटा आजा’, आणि वापर फक्त आईच्या भावासाठी. म्हणजे निखळ मामा. ‘आंट’ आली ‘अमिता’वरून. ती फक्त बापाची बहीण, म्हणजे आत्या. काकासाठी रोमनांकडे ‘पात्रुउस’ होता आणि मावशीसाठी ‘मातेर्तेरा’. रोमन कवींच्या लेखी ‘पात्रुउस’ म्हणजे सदा दरडावणारा माणूस. बापाच्या पश्चात त्याचा अधिकार चालायचा, तेव्हा तो गोड असण्याचं कारणही नव्हतं. लॅटिन मोडून फ्रेंच घडत असताना काका आणि मावशी गळले, मामा आणि आत्या उरले आणि त्यांनी दोन्हीकडच्या जागा भरून काढल्या. त्यामुळे आपल्या सोसायटीतली पोरं वॉचमनकाकांना ‘अंकल’ म्हणतात तेव्हा व्युत्पत्तीच्या हिशेबाने ती त्यांना मामा करत असतात. या वाक्याचा दुसरा अर्थ वाचकांनी कृपया घेऊ नये.

आता ‘कझिन’. अभिमानाच्या मजकुरात याच्यावर खास राग असतो: चुलत, मावस, आते, मामे सगळे एका दावणीला! पण हे चार शब्द आपल्याला कशासाठी लागले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाची मुलगी करता येते, चुलत किंवा मावस बहीण करता येत नाही, आणि आतेबहीणही बहुतेक ठिकाणी चालत नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथात हे तपशिलाने मांडलं आहे. ज्या समाजात एक बहीण बायको होऊ शकते आणि दुसरी कदापि नाही, तिथे दोघींना एकच शब्द असून कसा चालेल? सासूला ‘आत्याबाई’ म्हणायची आपली जुनी रीतही हेच सांगते. मामाची मुलगी आतेभावाला दिली तर तिची सासू तिची आत्याच असते.

इंग्लंडात काय होतं? मध्ययुगात लग्नाचे नियम चर्चच्या हातात होते आणि चर्च दोन्ही बाजू सारख्याच मोजत असे. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या लॅटरन धर्मपरिषदेपर्यंत सात पायऱ्यांपर्यंतचं, म्हणजे सात पिढ्यांपर्यंतचं, नातं निषिद्ध होतं. त्या परिषदेने ते चारवर आणलं. म्हणजे खापरपणजोबा एक असलेल्या भावंडांपर्यंत कोणाशीच लग्न नाही, बापाकडून असो वा आईकडून. पुढे १५४० साली राजा आठव्या हेन्रीने कायदा करून सख्ख्या चुलत-मामे-मावस-आते भावंडांत लग्नाला सरसकट मोकळीक दिली. त्याला तेव्हा कॅथरीन हॉवर्डशी लग्न करायचं होतं आणि ती त्याने आधी शिरच्छेद करवलेल्या बायकोची, अ‍ॅन बोलीनची, मामेबहीण होती, हा योगायोग नव्हता. मुद्दा असा की आधी सगळे सारखेच निषिद्ध होते, नंतर सगळे सारखेच मोकळे झाले. मामे आणि आते यांत फरक करायची पाळी कायद्यावर दोन्ही वेळेला आली नाही. ‘कझिन’ एकच राहिला याचं हे एकमेव कारण असेल असा माझा दावा नाही. फ्रेंचमधून तो मुळात पसरट होऊनच आला होता. पण त्याचे तुकडे पाडायची गरज इंग्रजांना कधी भासली नाही, हे नक्की.

चार्ल्स डार्विनने १८३९ साली एमा वेजवुडशी लग्न केलं. एमाचे वडील हे डार्विनच्या आईचे भाऊ. म्हणजे डार्विनने मामाची मुलगी केली. एमाची सासू तिची सख्खी आत्या होती, जरी ती बिचारी १८१७ सालीच वारली होती. पुढच्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाने अल्बर्टशी लग्न केलं. अल्बर्टचे वडील व्हिक्टोरियाच्या आईचे भाऊ. म्हणजे अल्बर्टने आत्याची मुलगी केली. आपल्याकडच्या एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याला ही दोन स्थळं सांगितली असती तर डार्विनच्या लग्नाला त्याने मान डोलावली असती आणि अल्बर्टच्या लग्नाला कपाळाला हात लावला असता. इंग्रजांच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणी ‘कझिन’शीच लग्न झालं होतं. डार्विनला स्वतःला मात्र रक्तातल्या लग्नाने मुलांची प्रकृती नाजूक झाली की काय, अशी काळजी वाटत राहिली. १८७१ च्या जनगणनेत अशा लग्नांची नोंद घ्यावी म्हणून त्याने खटपटही केली, पण पार्लमेंटने ती मानली नाही.

सासरच्या नात्यांची कथा याहून बोलकी आहे. ‘इन-लॉ’ मधला ‘लॉ’ हा चर्चचा कायदा. लग्न झालं की नवरा-बायको एकजीव होतात, तेव्हा बायकोची आई ती माझी आई, बायकोची बहीण ती माझी बहीण, असं चर्चचं गणित. ते मायेपोटी आलेलं नव्हतं. या बायकांशी पुढे कधीही लग्न करायचं नाही एवढंच त्याला सांगायचं होतं. आर्चबिशप पार्करने १५६३ मध्ये निषिद्ध नात्यांचा तक्ता काढला. पुरुषाला तीस आणि बाईला तीस नाती वर्ज्य. हा तक्ता चर्चमध्ये लोकांना दिसेल असा टांगून ठेवायचा नियम होता. आजीपासून सुरू होणारी ती यादी प्रवचन कंटाळवाणं झालं की इंग्रज पोरं वाचत बसत, असं म्हणतात. आणि ते सहज पटतं.

त्या यादीत मेहुणी होती. १८३५ पासून तर मृत बायकोच्या बहिणीशी केलेलं लग्न इंग्लंडात आपोआप रद्दबातल ठरू लागलं. विल्यम होल्मन हंट हा त्या काळचा नामांकित चित्रकार. त्याची बायको फॅनी लग्नानंतर वर्षभरातच, १८६६ साली, फ्लॉरेन्समध्ये बाळंतपणानंतर वारली. पुढे त्याचं आणि फॅनीची बहीण ईडिथ हिचं जमलं. इंग्लंडात लग्न अशक्य. शेवटी १८७५ साली दोघांनी स्वित्झर्लंडात नोशाटेलला जाऊन लग्न केलं. घरच्यांशी संबंध तुटले ते तुटलेच. हंटसारखी आणखीही माणसं होती, आणि परदेशी जायला पैसे नसलेली तर किती तरी. पार्लमेंटमध्ये या एका प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या विधेयकं येत आणि पडत राहिली. अखेर १९०७ साली मृत पत्नीच्या बहिणीशी लग्नाला परवानगी मिळाली, आणि मृत भावाच्या विधवेशी लग्नाला १९२१ साली.

आपल्याकडे हीच गोष्ट किती साधी! बायको गेली, लेकरं लहान आहेत, तर धाकटी मेहुणी करून घेतली. परकी सावत्र आई येण्यापेक्षा मावशी बरी, असं म्हणत वडीलधारेच पुढाकार घेत. त्या मेहुणीला काय वाटतं हे कोणी विचारत नसे, हा भाग वेगळा. पण ‘मेहुणी’ या शब्दात बहीण कुठेच नाही, आणि ‘सिस्टर-इन-लॉ’मध्ये ती ठळकपणे आहे. जिथे लग्न चालत होतं तिथे शब्दाने वाट मोकळी ठेवली, जिथे चालत नव्हतं तिथे शब्दानेच कुंपण घातलं. यात इंग्रज प्रेमळ की आपण प्रेमळ, हे ठरवायला जागाच नाही.

सावत्रपणाचा विषय निघालाच आहे तर तोही बघून घेऊ, कारण अभिमान बाळगणाऱ्यांची इथे खरी अडचण होते. ‘स्टेपमदर’ मधला ‘स्टेप’ पायरीशी संबंधित नाही. जुन्या इंग्रजीत ‘स्टेओप’चा संबंध वियोगाशी आहे. ‘स्टेओपचिल्ड’ म्हणजे पोरकं मूल. पोरक्या मुलाची जी आई होते ती ‘स्टेपमदर’. शब्दात मृत्यू आहे, पोरकेपण आहे. आपला ‘सावत्र’ मात्र ‘सवत’च्या कुळातला आणि ‘सवत’ आली ‘सपत्नी’वरून. म्हणजे एकाच नवऱ्याच्या दोन बायका, दोघी जिवंत, एका छपराखाली. त्याच घरातला संस्कृत ‘सपत्न’ हा शब्द तर सरळ शत्रू या अर्थाने वापरला जातो. इंग्रजी शब्द आईविना मुलाची आठवण ठेवतो, आपला शब्द बहुपत्नीकत्वाची. नात्यांच्या ओलाव्याचा निवाडा शब्दांवरूनच करायचा असेल, तर निदान या खटल्यात आपली बाजू लंगडी पडते.

भाचा-पुतण्यांच्या शब्दांवर फार वेळ घालवत नाही, पण एक कागद दाखवल्याशिवाय राहवत नाही. ‘नेफ्यू’ आला लॅटिन ‘नेपोस’वरून. त्याचा मूळ अर्थ नातू, आणि आपला ‘नातू’ही ‘नप्तृ’मधून त्याच मुळाचा. इंग्रजीत नातू आणि भाचा यांची सरमिसळ कित्येक शतकं चालू होती. शेक्सपिअरचं २५ मार्च १६१६ चं मृत्युपत्र उपलब्ध आहे. त्यात तो एलिझाबेथ हॉलला ‘नीस’ म्हणतो. एलिझाबेथ त्याची भाची नव्हती, पुतणीही नव्हती. ती त्याच्या थोरल्या मुलीची मुलगी, म्हणजे सख्खी नात. त्याच काळातल्या इंग्रजी बायबलमध्येही ‘नेफ्यू’ म्हणजे नातवंडं. इटालियनमध्ये आजही एकच शब्द दोन्ही कामं करतो. पोपमंडळी आपल्या भाच्या-पुतण्यांना कार्डिनल करून जहागिऱ्या देऊ लागली, त्यातून ‘नेपोटिझम’ हा शब्द निघाला. १६९२ साली बाराव्या इनोसंटने फतवा काढून त्याला लगाम घातला. पोपना मुलं असायची नसत, त्यामुळे काही ‘भाचे’ नेमके कोण होते हे रोमला चांगलं ठाऊक होतं.

आणि ‘फॅमिली’? नात्यांचा सगळा जिव्हाळा ज्या शब्दात साठवला जातो तो लॅटिन ‘फामुलुस’, म्हणजे नोकर किंवा गुलाम, यावरून आला आहे. ‘फामिलिया’ म्हणजे घरधन्याच्या सत्तेखालची सगळी माणसं, त्यात गुलाम आलेच. इंग्रजीतही अठराव्या शतकापर्यंत एखादा गृहस्थ आपली ‘फॅमिली’ अमुक माणसांची असं लिहितो तेव्हा त्यात स्वयंपाकीण आणि घोडेवाला धरलेले असू शकतात. रक्ताच्या नातेवाइकांना त्या काळात सर्रास ‘फ्रेंड्स’ म्हटलं जाई. आपण याला हसायचं कारण नाही. ‘आमचं कुटुंब’ म्हणजे बायको हा अर्थ आपल्याकडेही गेल्या पिढीपर्यंत चालू होता, आणि लग्नाच्या मांडवात ‘फॅमिली नाही आली?’ असं अजूनही विचारलं जातं. ते बायकोबद्दलच असतं. कुटुंब म्हणजे आपण आणि आपल्या सत्तेखालचे, हा हिशेब रोममध्ये होता, लंडनमध्ये होता आणि वाड्यातही होता.

तरीही कोणी म्हणेल की शब्द जास्त असले की नाती घट्ट असतात, निदान ढोबळपणे. मग स्वीडनकडे बघा. स्वीडिश भाषेत काका ‘फारब्रूर’, मामा ‘मूरब्रूर’, आत्या ‘फास्टर’, मावशी ‘मूस्टर’. बापाची आई आणि आईची आई यांनाही तिथे वेगळे शब्द आहेत. आपण मात्र दोघींना आजीच म्हणतो. आणि युरोपात एकट्याने राहणाऱ्यांची घरं जिथे सगळ्यांत जास्त, त्या देशांत स्वीडन अग्रभागी आहे. उलट हवाई बेटांच्या मूळ भाषेत आई, बाप, काका, मामा, मावशी, आत्या या सगळ्यांसाठी ‘माकुआ’ हा एकच शब्द. लुईस हेन्री मॉर्गन या अमेरिकन अभ्यासकाने १८७१ साली जगभरातल्या नातेशब्दांची जंत्री छापली, तेव्हा त्याने या पद्धतीला ‘मलायन’ म्हटलं. पुढे अभ्यासकांत तिला ‘हवाईयन पद्धत’ हे नावच पडलं. या माणसांना गोतावळ्याची किंमत नव्हती असं म्हणणारा त्या बेटांवर कधी गेलेला नसणार.

आता घरचा हिशेब. संस्कृतात ‘भ्रातृव्य’ म्हणजे भावाचा मुलगा, चुलत भाऊ. वेदकाळापासून याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे शत्रू. पाणिनीने दोन अर्थांसाठी दोन वेगळी सूत्रं दिली. महाभारत त्यावरचं भाष्य म्हणून वाचायला हरकत नाही. मराठीत ‘भाऊबंद’पासून ‘भाऊबंदकी’ झाली आणि तिचा अर्थ बंधुभाव असा झाला नाही. तालुक्याच्या कोर्टात कोणत्याही सोमवारी जाऊन बघा, बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, सातबाऱ्यावरच्या नावावरून भांडणारे कोण असतात? चुलते आणि पुतणे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशवा ज्या काकाकडे धावला, त्या काकाला आपण इतक्या अचूक शब्दाने ओळखतो म्हणून नारायणराव काही वाचला नाही. काका हा मामापेक्षा वेगळा, कारण काकाचा गादीवर हक्क होता, मामाचा नव्हता. ‘जावा जावा आणि उभा दावा’ ही म्हणही याच मातीतली. शब्द नेमका आहे, कारण भांडण नेमकं आहे.

नात्याचा शब्द म्हणजे हक्काचा शब्द, हे महाराष्ट्राने तर अलीकडेच रस्त्यावर पाहिलं. २६ जानेवारी २०२४ रोजी राज्य सरकारने जातप्रमाणपत्राच्या नियमांत बदल करणारा मसुदा काढला आणि त्यात ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या केली: वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांत सजातीय विवाहांतून जुळलेले नातेवाईक. सगा रक्ताचा, सोयरा लग्नाचा. इंग्रज चर्चच्या पंडितांनी रक्तनातं आणि लग्ननातं अशी जी दुफळी पाडून शतकानुशतकं खल केला, तोच खल मुंबई-नवी मुंबईच्या वेशीवर लाखो माणसांनी केला. आरक्षणाबद्दल कोणाचं काहीही मत असो, त्या दिवसांत ‘सोयरा’ या शब्दाला जी धार आली होती ती जिव्हाळ्यामुळे आली नव्हती.

अंकल-आंटीबद्दल हळहळणाऱ्यांची चेष्टा मला करायची नाही. मावशीला आंटी म्हटलेलं माझ्याही कानाला खटकतं. पण जे शब्द अजून कामावर आहेत ते कुठेही गेलेले नाहीत. बारशाला पाळण्याजवळ वाकून बाळाच्या कानात नाव सांगायला आत्याच लागते, आणि ‘कुर्रर्र’ म्हणत पाठीत धपाटे खायलाही तीच. मुहूर्ताला पाच मिनिटं उरली की गुरुजी माइकवरून ओरडतात, ‘मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं’, तेव्हा अमेरिकेतून आलेला, मराठी अडखळत बोलणारा माणूसही आपल्यालाच बोलावलंय हे ओळखून उठतो. त्याला तिथे ‘अंकल’ कोणी म्हणत नाही, कारण अंकलला ते काम नाही. शेजारच्या फ्लॅटमधल्या गृहस्थाशी मात्र आपला ना वाटणीचा संबंध, ना लग्नाचा, ना सुतकाचा. त्याला अंकल म्हटल्याने काय बिघडतं? इंग्रजीतही हेच झालं. बाप्तिस्म्यातल्या मानलेल्या नातलगाला ‘गॉडसिब’ म्हणत. ते नातं पातळ झालं, बाळंतिणीभोवती जमणाऱ्या मैत्रिणींना तो शब्द लागू लागला आणि शेवटी ‘गॉसिप’ म्हणजे नुसत्या कुचाळक्या उरल्या. आणि गरज पडली तेव्हा त्यांनी मेलेला शब्द उकरूनही काढला. आपल्या ‘भावंडं’ला इंग्रजीत सुटसुटीत जोड नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्यांना तो लागला, म्हणून जुन्या इंग्रजीतला, तेव्हा ‘नातलग’ एवढाच अर्थ असलेला ‘सिब्लिंग’ नव्या अर्थाने कामाला लावला गेला.

तेव्हा माझी तक्रार अंकलबद्दल नाही, आपलं लक्ष भलतीकडे लागल्याबद्दल आहे. शब्द राखायची चिंता करणारी माणसं, त्या शब्दांवर उभा असलेला कायदा कधी उघडून बघत नाहीत. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ साली इंग्रजीत लिहिला गेला आणि त्यातली वारसांची यादी बघितली तर ‘अंकल’ कुठेच नाही. ‘बापाचा भाऊ, बापाची बहीण’ सातव्या ओळीत आहेत आणि ‘आईचा भाऊ, आईची बहीण’ नवव्या. म्हणजे इंग्रजी भाषेतही काका-आत्या आधी आणि मामा-मावशी नंतर, हे अचूक सांगता आलं. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं आपण म्हणतो. कायद्याने मिशांवाचूनच दोघांना एका ओळीत बसवलं, हे त्याचं श्रेय. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि देशाने २००५ साली. इथवर ठीक.

पण त्याच कायद्याचं पंधरावं कलम वाचा. बाई मृत्युपत्र न करता गेली, तर तिची मिळकत आधी मुलांना आणि नवऱ्याला. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तेही कोणी नसतील, तरच तिच्या आईबापाला. माहेरहून वारसाने आलेल्या मिळकतीपुरता यात अपवाद आहे, पण तिने स्वतः कमावलेल्या पैशाला नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे अशाच एका बाईचं प्रकरण आलं. लग्नानंतर काही महिन्यांतच ती विधवा झाली, सासरच्यांनी घराबाहेर काढली, माहेरी राहून शिकली, नोकरी केली, पैसा जमवला. तिच्या मागे तो पैसा मिळाला सासरच्यांना. न्यायालयाने सहानुभूती दाखवली आणि कायदा हा असाच आहे असं सांगितलं. विधी आयोगाने २००८ सालच्या आपल्या २०७ व्या अहवालात, बाईच्या स्वकष्टार्जित मिळकतीपुरतं हे कलम बदलावं, अशी शिफारस आधीच केलेली होती.

कलम अजून तसंच आहे. मूलबाळ नसलेली एखादी विधवा प्राध्यापिका उद्या पुण्यात गेली, मृत्युपत्र केलेलं नसलं आणि तिच्या नवऱ्याकडचं दुसरं जवळचं कोणी उरलेलं नसलं, तर तिचा फ्लॅट आणि भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेल्या ठेवी दिराच्या मुलाला जातील. तिची म्हातारी आई तिच्याच घरात राहत असली तरी.